लोखंड्याचं गुपित

कल्पेशच्या वडिलांना आकडी येते, हे त्यांच्या घराबाहेर फक्त मला माहीत होतं. नववीच्या वर्षातले जेमतेम तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत पनवेलच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरकडे मी मान वर करून बघायचे, ड्रायव्हर सरळ बसलाय ना म्हणून. न्हावा शेवाहून कंटेनर घेऊन येणारे ट्रेलर आमच्या दुकानासमोरच्या वळणावर ब्रेक दाबायचे, तेव्हा हवा सुटल्याचा एक लांब फुस्स आवाज व्हायचा. तो आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले, त्याच आवाजात अभ्यास केला, जेवले, झोपले. पण त्या दिवसांत तो ऐकला की मी हातातलं टाकून दारात यायचे, आणि बराच वेळ ऐकू आला नाही की दारातून हलायचेच नाही. एवढी काळजी वाटत होती तर कुणा मोठ्या माणसाला सांगायचं होतंस, असं आज कुणी म्हणेल. मी सांगितलं, पण ते काळजीपोटी नाही. तेच या प्रकरणात लिहायचं आहे.

आमचं दुकान झेरॉक्सचं. खाली दुकान, वर दोन खोल्या. आजूबाजूला ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं, त्यामुळे दिवसभर लायसनं, परमिटं, पावत्या यांच्या कॉप्या निघायच्या. मशीन तापलं की एक आंबूस, गरम वास सुटायचा, तो जिन्यावरून वर यायचा आणि अम्मीच्या सुक्या बोंबलांच्या कालवणात मिसळायचा. अम्मी वैतागायची. ‘‘माझ्या भाकरीलाही शाईचा वास येतो,’’ म्हणायची. पण भाकरी तांदळाची, पातळ, तव्यावर टम्म फुगणारी, आणि तिच्याबरोबर सुकटीची चटणी असली की शाईबिई कुणाच्या लक्षात राहत नसे. अब्बा मोजकं बोलणारे. वाया गेलेली कॉपी ते कधी फेकत नसत. तिची कोरी बाजू वर करून गठ्ठा लावत, आणि तो गठ्ठा माझा. आमचे शाळेतले निबंध, अम्मीच्या सामानाच्या याद्या आणि माझा लोखंड्या, सगळे कुणाच्या तरी लायसनच्या पाठीवर जन्माला आले.

लोखंड्या म्हणजे आमचा सुपरहिरो. माझे चाचा कुवेतला होते. सुट्टीवर येताना ते चॉकलेटं, बाम आणि परदेशी सुपरहिरोंची इंग्रजी पुस्तकं आणत. आम्हा मराठी शाळेतल्या पोरांना त्यातलं इंग्रजी निम्मं कळायचं, निम्मं आम्ही चित्रांवरून ठरवायचो. ती पुस्तकं मी वर्गात नेली आणि कल्पेशने ती तीन दिवसांत पाठ केली. कल्पेश करंजाडे गावचा, आगरी. वर्गात शेवटच्या बाकावर, अभ्यासात यथातथा, पण पेन्सिल हातात आली की मास्तरसुद्धा मागे येऊन उभे राहत. मला चित्र काढता येत नव्हतं, त्याला दोन वाक्यं धड जोडता येत नव्हती. मग मी लिहायचं आणि त्याने काढायचं असं ठरलं. दिवसा ट्रेलर चालवणारा आणि संकट आलं की भरलेला कंटेनर एका हाताने उचलणारा लोखंड्या. त्याचा चपळ जोडीदार पारा. आणि सगळ्या बंदराला गंज चढवत निघालेला गंजासुर. आठ पानांचा अंक. अब्बा दुपारच्या नमाजला गेले की मी पंधरा कॉप्या काढायचे, त्या वर्गात फिरायच्या आणि शेवटी डब्याच्या तेलाने पारदर्शक होऊन परत यायच्या.

लोखंड्याचा चेहरा कल्पेशच्या वडिलांचा होता. झुबकेदार मिशी, कानात सोन्याची बाळी, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, गळ्यात चौकड्यांचा रुमाल. काशीकाकांना ओळखणाऱ्या कुणालाही ते पहिल्या पानावर कळलं असतं. स्वतः काकांनाही कळलं होतं. मी त्यांच्या घरी गेले की ते हसत विचारायचे, ‘‘काय गं सायरा, आज किती कंटेनर उचलले मी?’’ आणि मग माझ्यासमोर खाडीतल्या निवट्यांच्या रश्शाची वाटी यायची. ‘‘खा, तुमच्या घरी असली निवटी नाय मिलनार.’’ माणूस मोठ्याने हसणारा, मोठ्याने जेवणारा. पोराचा त्याला किती अभिमान! चित्राचं एक पान त्यांनी ट्रेलरच्या केबिनमध्ये चिकटवलं होतं, देवाच्या फोटोशेजारी.

कल्पेशचं आणि माझं एकच मोठं भांडण झालं ते पाऱ्यावरून. मी एक अंक लिहिला होता, त्यात पारा फितूर होतो आणि लोखंड्या दिवसा कोण असतो हे गंजासुराला सांगून येतो. गंजासुर लोखंड्याच्या घरावर चालून जातो, मारामारी होते, पाऱ्याला पश्चात्ताप होतो आणि शेवटच्या चौकटीत दोघं गळ्यात गळा घालून उभे राहतात. परदेशी पुस्तकांत असंच असायचं. कल्पेशने पेन्सिल खाली ठेवली.

‘‘हे असा नाय होत.’’

‘‘का? त्याने माफी मागितली ना.’’

‘‘माफ करल तो. पन लगेच इश्वास कसा ठेवल? त्याच्या घराचा पत्ता दिला यानं.’’

‘‘अरे पण पुढच्या अंकात दोघांनी मिळून लढायचंय.’’

‘‘मंग तू लढव. मी नाय काढनार.’’

मी पुष्कळ आदळआपट केली. शेवटी त्याच्या हट्टापायी मला एक आख्खा अंक असा लिहावा लागला, ज्यात काहीच घडत नाही. पारा चहा आणतो, लोखंड्या तो बाजूला ठेवतो. पारा म्हणतो डावीकडून जा, लोखंड्या उजवीकडून जातो. तोंडाने मात्र एकही वाकडा शब्द नाही. वर्गाला तो अंक साफ आवडला नाही. मलाही नाही. आता माझा भाचा टीव्हीवर ते सिनेमे लावून बसतो, त्यात दर वेळी कुणीतरी कुणाला दगा देतं आणि अर्ध्या तासात दोघं पुन्हा पाठीला पाठ लावून लढायला उभे असतात. मी त्याला म्हणते, बाबा रे, यांना घाई असते, जग वाचवायचं असतं. ज्यांना रोज उठून त्याच माणसाच्या शेजारी जगायचं असतं त्यांना एवढं पटकन जमत नाही. भाचा म्हणतो, मावशी, तू शांत बस.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कल्पेश आठवडाभर शाळेत आला नाही. आला तेव्हा मधल्या सुट्टीत मला मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेला. तिथे उन्हात उभं राहून त्याने सांगितलं. वडील जेवायला बसले होते, हातातला घास तसाच राहिला, डोळे वर गेले आणि ते आडवे झाले. हातपाय झाडत होते, तोंडाला फेस. आईने कांदा फोडून नाकाला लावला. ही दुसरी वेळ होती. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, पण गोळ्या घेतल्या की झोप येते आणि झोप आली तर गाडी कशी चालवणार, म्हणून वडील त्या घेतच नव्हते.

‘‘मग ते गाडी का चालवतात?’’ मी विचारलं.

‘‘मंग काय करतील? त्यांना दुसरा काय येतंय?’’ तो टाकीला टेकला. ‘‘कोनाला बोलू नको. लायसन जाईल. बाबा बोलतात, स्टिअरिंगवर बसलो की मना कायच होत नाय.’’

‘‘नाही बोलणार. अल्लाकसम.’’

मी शपथ मनापासून घेतली होती. पण तो बोलत असताना माझं मन दोन ठिकाणी होतं. एक ऐकत होतं आणि घाबरत होतं. दुसरं म्हणत होतं, अरेच्चा, हे किती छान आहे. कारण वर्गातली पोरं गेले दोन महिने तक्रार करत होती की लोखंड्याला काहीच होत नाही, प्रत्येक अंकात तोच जिंकतो, मजा येत नाही. परदेशी हिरोंना काही ना काही दुखणं असतं. लोखंड्याला नव्हतं. ते मला त्या टाकीमागे सापडलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण खरं तेच आहे.

दोन आठवडे मी दम धरला. कल्पेशचं चित्रात लक्ष नव्हतं, ‘‘नंतर काढू’’ म्हणायचा. वर्गातली पोरं पुढचा अंक मागत होती. मग एका दुपारी मी दुकानाच्या फरशीवर जुने सगळे अंक पसरले आणि कात्री घेऊन बसले. झेरॉक्सवाल्याच्या पोरीला चित्र काढता येण्याची गरज नसते. लोखंड्या एका अंकात गंजासुराच्या ठोशाने उताणा पडला होता, तो कापला. दुसऱ्या अंकातला घाबरलेला पारा कापला. स्टिअरिंगवरचा हात कापला. कोऱ्या कागदावर खळीने चिकटवले, जोडांवर पांढरी शाई फिरवली आणि मशीनच्या काचेवर उलटे ठेवले. कॉपी बाहेर आली तेव्हा कुठे कापलंय ते दिसतसुद्धा नव्हतं. आठही पानं कल्पेशच्या हातची, आणि त्याला पत्ताच नाही. शब्द तेवढे माझे. लोखंड्याचा हात थरथरतो, तोंडाला फेस येतो, ट्रेलर रस्ता सोडतो, पारा कांदा फोडून त्याच्या नाकाला लावतो. वर मोठ्या अक्षरांत मी नाव दिलं, ‘लोखंड्याचं गुपित’. मुखवट्याआडच्या माणसाचं दुखणं लिहिलंय, खऱ्या माणसाचं थोडंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. चेहरा कुणाचा आहे हे मला इतकं सवयीचं झालं होतं की ते आठवलंच नाही, असं मी पुढे पुष्कळ वर्षं म्हणत आले. आठवलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

कॉप्या अजून वर्गात न्यायच्या होत्या. गठ्ठा काउंटरवर होता. अब्बा नमाजला गेलेले. तेवढ्यात पाटकर आले. ते समोरच्या ट्रान्सपोर्टचे सुपरवायझर, काशीकाकांचा ट्रेलर त्यांच्याच कंपनीचा, रोजचं गिऱ्हाईक, पान खाऊन ओठ लाल झालेले. मशीनमध्ये कागद अडकला म्हणून मी झाकण उघडून तो ओढत होते, आणि त्यांनी वेळ जावा म्हणून वरचा अंक उचलला. मला त्यांचं हसणं ऐकू आलं.

‘‘अरे हा तर आपला काशिनाथ! हुबेहूब!’’

मी खुश झाले. काशीकाकांखेरीज आमचा अंक वाचणारा तो पहिला मोठा माणूस. ते पानं उलटत गेले. हसणं थांबलं नव्हतं.

‘‘पण ही आकडी काय अशी येते होय? सिनेमात बघून लिहिलंस वाटतं.’’

आणि मी, लेखिका, दुखावले. ‘‘अशीच येते,’’ मी म्हटलं. ‘‘घास हातात राहतो, डोळे वर जातात. मग कांदा लावला की उठतात.’’

‘‘कोण उठतात?’’

मशीनचा पंखा गरगरत होता. मी अडकलेला कागद ओढला, तो अर्धाच फाटून हातात आला. पाटकरांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी तो अंक घडी करून आपल्या फाइलमध्ये ठेवला, ‘‘कॉप्या राहू दे, उद्या नेतो,’’ म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले. मी उरलेले चौदा अंक फाडून कचऱ्यात टाकले. फाडताना मला वाटत होतं की आपण काहीतरी वाचवतोय.

चार दिवस काहीच झालं नाही. त्या चार दिवसांची भीती मला आजही अंगावर जाणवते. कल्पेश नेहमीसारखा वागत होता, त्याने स्वतःहून विचारलंसुद्धा, ‘‘अंक कवा करायचा?’’ पाचव्या दिवशी कंपनीने काशीकाकांना तपासणीला पाठवलं. सहाव्या दिवशी त्यांच्याकडून चावी काढून घेतली.

सातव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, ते दुकानात आले. अब्बा काउंटरवर होते, मी मागे स्टुलावर. काका नेहमी दुकानात शिरताना काहीतरी मोठ्याने बोलायचे. त्या दिवशी ते दारात उभेच राहिले. मिशी तीच, रुमाल तोच, पण सगळं सैल. त्यांनी खिशातून कागद काढला, काउंटरवर पसरला आणि तळहाताने घड्या सरळ केल्या.

‘‘ही कोनी केली?’’ त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू की अब्बांना पुढे वाकावं लागलं.

अब्बांनी पानं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी काकांच्या बोटाकडे बघत होते. ते बोट उताण्या पडलेल्या लोखंड्यावर होतं.

‘‘कल्पेशने,’’ मी म्हटलं.

रेषा त्याचीच होती. एवढाच माझा बचाव. काकांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीच ठाऊक होतं आणि फक्त कुणीतरी नाही म्हणावं एवढ्यासाठी ते इतक्या लांब आले होते. कागद तिथेच टाकून ते निघून गेले. अब्बांनी तो उचलला आणि पुन्हा एकदा पानं उलटली. आदल्या आठवड्यात फरशीवरची कात्रणं त्यांनीच झाडली होती.

‘‘जा बेटी,’’ शेवटी ते म्हणाले, ‘‘पळत जा. अजून नाक्यापर्यंत गेले नसतील. खरं सांगून ये.’’

मी गेले नाही. स्टुलाला घट्ट धरून बसले. त्यानंतर अब्बांनी मला त्यावरून कधी टोकलं नाही, पण मी घरात काही सांगितलं, अगदी शाळेला उद्या सुट्टी आहे एवढंसुद्धा, तर ते अम्मीकडे वळून विचारायचे, ‘‘खरं का?’’ अम्मी हो म्हणाली की मग त्यांचं जेवण पुढे चालू व्हायचं.

कल्पेश दोन दिवसांनी शाळेत आला तेव्हा त्याचा खालचा ओठ सुजला होता. मी वाट बघत होते, आता तो ओरडेल, सगळ्यांसमोर माझं नाव घेईल. तो आपल्या बाकावर जाऊन बसला. मधल्या सुट्टीत मीच गेले. ‘‘तू का नाही सांगितलंस त्यांना, मी केलं म्हणून?’’ त्याने डब्यातून नजर वर काढली नाही. ‘‘पैला तोंड तर मीच उघडला ना,’’ म्हणाला. पुढे दहावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. वही मागितली तर द्यायचा, गृहपाठ विचारला तर सांगायचा, हसायचासुद्धा. पण घरचं, मनातलं, एक अक्षर त्याने मला पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि पुन्हा त्याने लोखंड्या काढला नाही.

पंधरा दिवसांनी काकांना यार्डात आकडी आली. कंपनीने त्यांना गेटवर वह्या भरायला बसवलं होतं, ते खुर्चीवरून पडले, कपाळाला टाके पडले, बस. स्टिअरिंगवर असते तर? गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं, बरं झालं वेळेवर कळलं. अम्मीसुद्धा म्हणाली. त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली. रस्त्यावरची माणसं वाचली असतील, नक्कीच वाचली असतील, आणि त्याचा मला आनंद आहे. पण मी कुणाला वाचवायला ते लिहिलं नव्हतं. अंक रंगावा म्हणून लिहिलं होतं.

अब्बा गेले तेव्हा काशीकाका भेटायला आले. मी तोवर पुण्याला शिक्षिका झाले होते. ते दुकानासमोर मांडलेल्या खुर्चीवर बसून राहिले आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘तुझा बाप खरा मानूस होता.’’ मला ते सहन झालं नाही. अब्बांचा चाळिसावा दिवस झाला आणि दुसऱ्याच संध्याकाळी मी करंजाड्याला गेले. आता तिथे त्यांचं तीन मजली घर होतं. काका खालच्या खोलीत पलंगावर बसलेले, गोळ्यांनी सुजलेले. मी दाराजवळच उभी राहून सगळं सांगितलं. कात्री, खळ, पाटकर, सगळं. ‘‘कल्पेशला त्यातलं काही माहीत नव्हतं काका. मी खोटं बोलले.’’

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ‘‘मी मारला त्याला,’’ म्हणाले. ‘‘खूप मारला. एकदा बोलायचा ना, मी नाय म्हनून. इतकी वर्सा मी त्याच्यासमोर दुखला-खुपलाबी बोललो नाय. पोरगा इकून खाईल, असा वाटायचा.’’

तेवढ्यात कल्पेश कामावरून आला. काका त्याला म्हणाले, ‘‘हिनं सांगला मना सगला.’’ आणि रडायला लागले. इतका मोठा माणूस, कल्पेशचा हात शोधत होता. मला वाटलं, आता सगळं नीट होईल. कल्पेशने वडिलांना पाणी दिलं, त्यांची पाठ चोळली, त्यांना आडवं केलं. मग मला दारापर्यंत सोडायला आला.

‘‘मला वाटलं, तुला बरं वाटेल,’’ मी म्हटलं.

‘‘डॉक्टर बोललेत, त्यांना काय टेन्शन द्यायचा नाय. म्हनून मी इतकी वर्सा गप. आता ते रोज तीच गोष्ट उगालत बसतील, पोराला उगा मारला, पोराला उगा मारला.’’ त्याने मागे दार लोटून घेतलं. ‘‘परत तू मला न इचारता सांगितलंस, सायरा.’’

काका पुढच्या वर्षी गेले. हे प्रकरण लिहायला घेण्याआधी मी कल्पेशला फोन केला. एवढं तरी मी शिकले होते. लिहू का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘‘बाबांचा लिही. आता त्यांना काय फरक पडत नाय. पन त्या टाकीमागे मी माझा जो बोललो होतो, तो नको.’’ त्या दिवशी उन्हात, वडिलांचं सांगून झाल्यावर, त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, स्वतःबद्दलची. ती इथे नाही.